एकदाही न पडता

२ फेब्रुवारी, रविवार

अप्पा पडले. वृद्धनिवासातून फोन आला तोच मुळी "घाबरू नका" असा. घाबरायचं की नाही ते मी ठरवीन ना! ताटावरून उठून धावलो. कोपर खरचटलं होतं आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. स्वारी मात्र जेवणाच्या टेबलाशी उभी राहून वर्तमानपत्र कापत होती. मला बघून म्हणाले, "तू कसा आलास? आज तुझी पाळी नाही?"

अप्पांचा जन्म शिवणाच्या कारखान्यात कापड कापण्यात गेला. शिवणारे बसतात, कापणारा उभा असतो. त्यामुळे त्यांना बसवतच नाही. घरीसुद्धा चहा उभ्याने. आई म्हणायची, "यांना खुर्ची दिली तर हे तिचं माप घेतील, पण बसणार नाहीत." हल्ली डोक्यातलं बरंच पुसलं गेलंय. सुनेला बहीण समजतात, मला कधी मुलगा समजतात तर कधी मुकादम. गॅस चालू ठेवून बाहेर निघून जायला लागले म्हणून तर इथे आणावं लागलं. पण पाय ठणठणीत. बोथट कात्री आणि रद्दी दिली की तासन्‌तास उभे राहून बाह्या आणि कॉलरी कापतात.

पडले कसे, तर त्या हॉलमधल्या आयेमुळे. आवाज असा की सगळे तिला भोंगाबाई म्हणतात. ही रोज संध्याकाळी अप्पांना लांबलचक व्हरांड्यात चालवते. अप्पांचा हात हिच्या खांद्यावर, हिचं तोंड अखंड चालू, आणि अप्पांच्या वाटणीची बिस्किटं त्यात चाललेली. आज कुणीतरी हाक मारली म्हणून हिने मान वळवली आणि अप्पा आडवे.

मी विचारलं, "लक्ष कुठे होतं तुमचं?"

"दोघी बायका आणि हॉलभर म्हातारे, साहेब. लक्ष वाटून वाटून किती येणार एकेकाच्या वाट्याला?" वर हसून म्हणते, "चालणारा माणूस पडतो कधीतरी. मास्टर उठले, कपडे झटकले, मलाच दोन शिव्या घातल्या. झालं."

झालं म्हणे! उभी हयात पत्र्याच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली मी. आमच्या खात्यात 'झालं' असं काही नसतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेखी तक्रार दिली. मेट्रनबाई तशा भल्या आहेत, पण हात टेकल्यासारखं बोलतात. म्हणाल्या, "चालवायचं म्हणजे एक आया तेवढा वेळ अडकते. मालकांकडे मी आणखी एक जण मागतेय, कधीपासून. तुम्ही नातेवाइकांनी मिळून जोर लावलात तर कदाचित मिळेल."

मी त्यांना समजावलं की माणसं वाढवून सुरक्षितता येत नाही, शिस्तीने येते. आमच्याकडे पत्रा कापायच्या यंत्रावर पूर्वी तिघे होते, आता एकच आहे, आणि झेंडा हिरवाच.

"कसला झेंडा?"

मग मी सगळं सांगितलं. पाळीत अपघात झाला नाही तर फाटकावर हिरवा झेंडा. झाला तर लाल, आणि तो आठवडाभर उतरत नाही, आणि शनिवारचा चहा-केक बंद. कामगारांना त्या झेंड्याचं इतकं प्रेम की एकाने चिरलेलं बोट रुमालात गुंडाळून पाळी पुरी केली, पण हूं की चूं केलं नाही. मेट्रनबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कल्पना मनात भरली असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

मेट्रनबाईंना काय वाटलं कोण जाणे, मालकांना मात्र झेंडा फार आवडला. खर्च काही नाही आणि भिंतीवर दिसतो! कारखान्यातून दोन जुने झेंडे आणून हॉलच्या दारावर खिळा ठोकून दिला. नियम असा: आठवडाभर कुणी पडलं नाही तर रविवारी सगळ्या म्हाताऱ्यांना आइस्क्रीम, माझ्यातर्फे, आणि दोन्ही आयांना अर्धी सुट्टी. कुणी पडलं की लाल, सगळं बंद.

भोंगाबाईची बदली धुलाईखोलीत झाली, तिथली एक तिच्या जागी हॉलमध्ये आली. मी मागितली नव्हती, पण झाली ते बरंच.

घरी हिला सांगितलं तर हिचा चेहरा पडला. "अहो, ती त्यांना चालवत होती."

"आणि पाडत होती."

"चालवत होती म्हणून पडले. आता कोण चालवणार?"

बायकोशी वाद घालण्यापेक्षा वहीत लिहिलेलं बरं. वही उलटून बोलत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

झेंडा हिरवा! आज पुन्हा आइस्क्रीम. दात नसलेल्या माणसांना आइस्क्रीम खाताना बघणं यासारखं सुख नाही.

आणि हॉलमधली जागरूकता काय वर्णावी! अप्पा उठायला लागले की चारी बाजूंनी ओरडा सुरू. "ए मास्टर, बस खाली! झेंडा उतरेल!" कोपऱ्यातल्या खाटेवरची एक म्हातारी, एरवी कुणाशी बोलत नाही म्हणे, तिने तर काठी आपटली. जे काम आमच्या कारखान्यात करून घ्यायला मला वर्षं लागली ते इथे दोन आठवड्यांत झालं. लोक एकमेकांना सांभाळताहेत.

अप्पा मात्र भांबावल्यासारखे दिसले. मला विचारत होते, "मुकादम, मी काय चुकीचं कापलं?"

मी म्हटलं, "काही नाही अप्पा, बसा तुम्ही."

"बसून कसं कापू?"

९ मार्च, रविवार

नवीन खुर्ची आली. पुढे फळी आहे, तिची कडी खुर्चीच्या मागे लागते, बसणाऱ्याचा हात पोचत नाही. उत्तम रचना. आमच्या यंत्राच्या जाळीलाही अशीच कडी आहे. अप्पा ती फळी म्हणजे कापायचं टेबल समजले. हात फिरवून म्हणाले, "फार लहान आहे. पूर्ण कापड मावायचं नाही." मग उठायला गेले, खुर्ची पाठीला घेऊन अर्धे उठले आणि पुन्हा बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मी तिथे होतो तोवर हेच चाललं होतं. माझ्याने ते बघवेना, हे इथे कबूल करतो. पण आमचं कामच असं आहे: ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

कात्री काढून घ्यायला सांगितली. हॉल नीट फिरून पाहिला तेव्हा लक्षात आलं, खुर्चीत अडकलेल्या माणसाच्या हातात कात्री, बोथट का असेना, म्हणजे धोकाच. आधी कुणाला सुचलं कसं नाही!

निघताना धुलाईखोलीवरून गेलो. भोंगाबाई चादरी पिळत होती. चेष्टेने विचारलं, "काय मावशी, कसं चाललंय?"

"झकास, साहेब. कपडे पडत नाहीत."

१६ मार्च, रविवार

लाल झेंडा. ती काठी आपटणारी म्हातारी पडली. रात्रीच्या आयेला दोनदा हाक मारली, ती येईना, म्हणून स्वतःच संडासला निघाली, असं ती सांगते. आया म्हणते हाक ऐकूच आली नाही. खरं काय ते असो. आज तिच्याशी हॉलमध्ये कुणी बोलत नव्हतं. तिचा जेवणाचा ट्रे शेवटपर्यंत तसाच राहिला, तो कुणी तिच्यापाशी सरकवलासुद्धा नाही. आता तिच्या खाटेला दोन्ही बाजूंनी गज लावलेत आणि तिला लंगोट बांधतात, म्हणजे उठायचं कारणच उरलं नाही.

मूळ कारणावर उपाय करावा तो असा, हे मी मेट्रनबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, आता अशा सगळ्यांनाच बांधतो. दोघींत तेवढंच जमतं."

मी त्यांना आणखी एक पद्धत शिकवली. अपघात झाल्यावर लिहिण्यात काय अर्थ? थोडक्यात टळलेला अपघातही लिहायचा, त्याचं कारण शोधायचं आणि ते दूर करायचं. कागद छापून दिले.

अप्पांच्या दंडावर काळेनिळे डाग होते. चिमटीएवढे, एकमेकांजवळ. मेट्रनबाई म्हणाल्या, वयामुळे कातडी पातळ होते. असेल. माझ्याही हातावर हल्ली असे डाग उठतात.

६ एप्रिल, रविवार

सुंठीवाचून खोकला गेला! अप्पांनी उठणंच सोडलं. परवापर्यंत जी धडपड होती ती एकदम थांबली. शांत बसलेले असतात, कधी कधी तर मान पुढे टाकून छान झोप लागलेली असते, दिवसासुद्धा. आयुष्यात या माणसाला दुपारी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. कामाची सवय सुटायला वेळ लागतो, पण सुटते.

जेवणानंतर एक लहानशी पिवळी गोळी देतात. शक्तीची असणार.

हिने गोळीचं नाव विचारून ठेवा म्हणून सांगितलं होतं. विसरलो.

२० एप्रिल, रविवार

आज अप्पा जागे होते. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "माझे पाय कुठे ठेवलेत रे?"

मी म्हटलं, "इथेच आहेत की अप्पा. हे बघा."

त्यांनी पायांकडे पाहिलं. पाय पाटावर ठेवलेले होते, मोजे घातलेले. "हे नव्हेत," म्हणाले.

बाहेर येऊन जरा वेळ गाडीत बसून राहिलो. चुकतंय का काही? मग हिशेब केला. पडणं नाही, हाड मोडणं नाही, डोक्याला मार नाही. शेजारच्या गल्लीतल्या एकाच्या वडिलांचा खुबा मोडला आणि महिन्याभरात गेले. तसं काही अप्पांचं होऊ नये यासाठीच तर हे सगळं. वडिलांसाठी दर रविवारी न चुकता धावणारे किती मुलगे आहेत त्या हॉलमध्ये? मीच एक. आया माझ्याशी अदबीने बोलतात, अप्पांची चादर सगळ्यात आधी बदलतात. उगाच नाही.

रात्री ही म्हणाली, "त्यांना घरी आणू या. मी नोकरी अर्धा वेळ करते. शेजारच्या काकूही बघतील म्हणाल्या."

"आणि इथे गुळगुळीत फरशी आहे, जिना आहे, त्याचं काय?"

"पडतील एखादवेळी."

कमाल आहे या बाईची! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि ही मला उकळतं दूध प्यायला सांगतेय.

४ मे, रविवार

फार मनस्ताप झाला आज. माझी पाळी होती म्हणून ही एकटी गेली. दुपारी मेट्रनबाईंचा कारखान्यात फोन, "लगेच या."

गेलो तर हॉलमध्ये हलकल्लोळ. हिने काय करावं? कडी काढली, अप्पांना काखेत धरून उठवलं आणि खिडकीपाशी नेलं! हॉल ओरडत होता, "बसवा त्यांना, बसवा!" एकाने तर पाण्याचा पेला फेकून मारला. दोन्ही आया धावल्या तेव्हा अप्पा खिडकीचे गज धरून उभे होते. गुडघे लटलट कापत होते म्हणे. आयांनी त्यांना ओढून खुर्चीत घातलं.

गाडीत मी हिला विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तर ही रडत रडत हसत होती. "उभे राहिले हो ते. माझ्या आधारानं, पण उभे राहिले. आणि माझ्या खांद्याचं माप घेतलं. बोटांनी, वीत टाकून. म्हणाले, बारीक झालीस. बाहीला कापड कमी लागेल."

"पडले असते म्हणजे?"

"पडले नाहीत."

"पण पडले असते!"

हिला गाडीतच ठेवून परत आत गेलो, तेव्हा मेट्रनबाईंनी कागद पुढे केला. मीच छापून दिलेला, टळलेल्या अपघाताचा. "कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जे घडलं ते." त्यांनी लिहिलं, नातेवाईक. उपायाच्या जागी त्यांचं पेन थांबलं. म्हणाल्या, "ही जागा आपण रिकामी सोडली तरी चालेल, साहेब. त्यांची सूनच आहे ती." पण नियम मी केलेला, आणि माझ्याच घरासाठी वाकवला तर उद्या कोण पाळणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी स्वतः लिहिलं: यापुढे भेट फक्त मुलाला. सही केली.

हिला घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. हिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. आमटीत मीठ नव्हतं.

१ जून, रविवार

अप्पांना खुर्चीतून खाटेवर घेतलं. खुर्चीत एका बाजूला कलत होते, फळीखालून घसरण्याची शक्यता होती. खाटेला गज आहेत. आता प्रश्नच मिटला.

मालक भेटले. त्यांची आणखी काही वृद्धनिवासं आहेत, तिथेही झेंडे लावणार. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखे नातेवाईक मिळाले तर माणसं कमी असली तरी काम अडत नाही." एक आया नोकरी सोडून गेली होती तिच्या जागी ते आता कुणाला घेणार नाहीत, कारण तशी गरजच उरलेली नाही. भोंगाबाईला धुलाईतून अर्धा वेळ हॉलमध्ये परत आणलंय.

हिला सांगावंसं वाटलं. पण ही हल्ली विचारलं तेवढंच बोलते.

२२ जून, रविवार

अप्पांच्या टाचेवर लाल चट्टा. हवेची गादी घेऊन गेलो. मेट्रनबाई म्हणाल्या, कूस बदलायला हवी वेळच्या वेळी, बघते. हॉलमध्ये आल्यावर पहिल्यांदा जाणवलं, किती शांत आहे! सगळे आपापल्या खाटांवर. कुणी ओरडत नाही, कारण कुणी उठत नाही. कारखान्यात यंत्रं बंद झाल्यावर जसं कानाला वाटतं तसं वाटलं.

आइस्क्रीम वाटलं. निम्मं तसंच वितळलं. काठीवाल्या म्हातारीची खाट रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, गेली. पडून नव्हे, छातीत कफ होऊन.

१३ जुलै, रविवार

भोंगाबाई अप्पांना भरवत होती. खरं तर भरवत नव्हती, ओतत होती. चमचा तोंडात, गिळायच्या आत दुसरा. अप्पांच्या हनुवटीवरून पेज मानेत उतरत होती. मी म्हटलं, "मावशी, जरा सावकाश."

तिने मान वर केली. पूर्वीचं बडबडणं, हसणं काही नाही. "सावकाश कुणाचं करू, साहेब? यांचं सावकाश केलं तर पलीकडचा उपाशी राहतो."

"पूर्वी तुम्ही त्यांच्याशी इतकं बोलायचात."

"पूर्वी चालवत होते. चालताना बोलायला लागतं." तिने अप्पांचं तोंड पुसलं, फडक्याने टेबल पुसतात तसं. "तुमचंच तर काम करतेय. पडलेत का एकदा तरी?"

पडले नव्हते.  कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल मेट्रनबाईंशी बोलायला हवं. शिस्त आहे, पण माया कमी पडते. हे लोक मनापासून का करत नाहीत, कळत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज पांघरूण जरा वर केलं. टाचेला पट्टी होती. पाय गुडघ्यात दुमडलेले होते, पोटाकडे ओढून घेतल्यासारखे. मला वाटलं थंडी वाजत असेल. डावा पाय सरळ करायला गेलो. अप्पा किंचाळले. अप्पांचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. कात्रीने बोट कापलं तरीसुद्धा ते नुसतं तोंडात घालून पुढचं कापड ओढायचे.

मी लगेच पांघरूण घातलं. कुणी बघितलं नाही.

 हे इथे लिहितो कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. पाय सरळ का होत नसेल? वय. वयानेच. आमच्या कारखान्यात जुन्या यंत्रांचे सांधे असेच धरतात, वापर नसला की. नाही, वापराचा संबंध नाही. वयानेच.

हिने जेवताना विचारलं, "कसे आहेत?" किती दिवसांनी विचारलं.

मी म्हटलं, "छान. शांत."

७ सप्टेंबर, रविवार

ताप. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, पडून राहिलं की छातीत पाणी धरतं. मी म्हटलं, "पडून नाही, ते एकदाही पडले नाहीत." डॉक्टर माझ्याकडे विचित्र नजरेने बघून पुढच्या खाटेकडे गेले. तरुण आहे, ऐकून घ्यायची सवय नाही.

मेट्रनबाईंनी आपणहून विचारलं, सूनबाईंना आणता का? मी हिला फोन केला. ही आली, खाटेच्या गजांतून हात घालून अप्पांचा हात धरून बसली. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. हॉलमध्ये कुणी काही म्हटलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

अप्पा सकाळी गेले.

मी पोचायच्या आत. मला वाटलं होतं मी असेन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल जे झालं ते लिहिणार नव्हतो. पण डोक्यातून जात नाही, तर इथे टाकतो.

शववाहिनीचा माणूस आला. त्याने चादर काढली आणि थबकला. अप्पा कुशीवर, गुडघे छातीशी. त्याने पाय सरळ करून बघितले, झाले नाहीत. मला विचारलं, "किती वर्षं बसून होते?"

मी म्हटलं, "बसून? हा माणूस जन्मात बसला नाही. कापणारा होता."

 त्याने आधी अप्पांना तसेच झाकणाच्या स्ट्रेचरवर ठेवायचा प्रयत्न केला, पण गुडघे उंच राहत, वरचं झाकण बसेना. मग म्हणाला, "साहेब, खांदे धरा. घट्ट." मी खांदे धरले. त्याने आपला गुडघा अप्पांच्या गुडघ्यांवर ठेवला आणि सगळा भार टाकला.

आवाज आला. ही दारात उभी होती, ती वळून व्हरांड्यात गेली. मी खांदे सोडले नाहीत, कारण मध्येच सोडलं असतं तर काम अर्धवट राहिलं असतं. दुसऱ्या पायालाही तसंच. मग झाकण बसलं.

तो माणूस घाम पुसत म्हणाला, "या जागेतून नेतो ते सगळे असेच असतात." मला त्याचा राग आला. मेलेल्या माणसासमोर बोलायची एक रीत असते.

दाराशी भोंगाबाई उभी होती. अप्पांची चादर तिने तेवढ्यात उचलून घेतली होती, धुलाईसाठी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला म्हटलं, "मावशी, खूप केलंत तुम्ही." तिने चादर छातीशी धरली आणि निघून गेली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज रविवार आणि कुठे जायचं नाही. तरी सकाळी सवयीने बूट घातले.

मेट्रनबाईंचा फोन आला. हॉलमध्ये सहा महिन्यांत कुणी पडलेलं नाही. म्हणून मालक दुसऱ्या निवासांच्या प्रमुखांना बोलावताहेत, मी चार शब्द बोलावेत. फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या की त्यांनी राजीनामा दिलाय. एवढी चांगली पद्धत बसवल्यावर सोडून जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण एकेकाचा स्वभाव. भाषणाला हो म्हटलं. अप्पा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं की त्यांच्यापासून सुरू झालेलं काम इतक्या लोकांच्या उपयोगी पडतंय.

मला अप्पांची आठवण येते. फार येते. ते टेबलाशी उभे राहून पेपर कापताहेत असंच डोळ्यांपुढे येतं, खाटेवरचे कधी येत नाहीत. हे चांगलंच आहे म्हणायचं.

संध्याकाळी ही अप्पांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, कुणाला तरी देण्यासाठी. किती तरी दिवसांनी आम्ही दोघं एका खोलीत निवांत होतो. मी म्हटलं, "हे बघ, उद्या माझं वय झालं, माझंही डोकं असं पुसायला लागलं, तर उगाच घरी ओढाताण करत बसू नकोस. मलाही तिथेच ठेव. त्याच हॉलमध्ये. ओळख आहे आपली."

ती शर्टाची बाही सरळ करत होती. मान वर न करता म्हणाली, "हो."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही म्हणण्याला ती अशी एका शब्दात कबूल झालेली नाही. बरं वाटलं.